एक्सएमएलच्या माथी फोडलेले खापर

जावा ॲप्लिकेशन सर्व्हर उठला नाही आणि लॉगमध्ये ‘सॅक्स पार्स एक्सेप्शन’ हे शब्द दिसले, की चौकशीआधीच निकाल लागलेला असतो. दोषी एक्सएमएल. ही भाषा जुनाट, शब्दबंबाळ आणि कजाग. एक कोनी कंस राहिला म्हणून ती अख्खा सर्व्हर अडवून धरते. तिचे एरर मेसेज माणसाला कळत नाहीत. आणि ती बोट दाखवते त्या ओळीत चूक नसतेच. तेव्हा मेसेज वाचत बसण्यापेक्षा सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करावा. नाहीच उठला तर दुसऱ्या मशीनवरची चालती फाइल आणून चिकटवावी. आणि पहिली संधी मिळताच वायएमएलवर किंवा ॲनोटेशनवर उडी मारून या जाचातून कायमचे सुटावे. नव्याने रुजू झालेल्या मुलांना हेच शहाणपण म्हणून शिकवले जाते आणि वर्षभरात तीही ते पुढच्यांना शिकवू लागतात.

या मतातले प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी खऱ्या त्रासातून आलेले आहे, आणि तरीही त्यातून काढलेला प्रत्येक निष्कर्ष उलटा आहे. सर्व्हर अडतो हे खरे. मेसेज रूक्ष असतात हेही खरे. पण जो अडवतो तोच चुकतो, हे कोणी ठरवले? वाण्याच्या काट्याने माल कमी भरल्याचे दाखवले तर गिऱ्हाईक काट्याला शिव्या देत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र नेमके तेच चालते: माल भरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, काटा तेवढा बदला म्हणून ओरड होते.

पहिला आरोप कजागपणाचा. एक्सएमएल १.० चे विनिर्देश वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केले. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक. त्यातला नियम स्पष्ट आहे: मजकूर सुघटित नसेल, म्हणजे टॅग नीट उघडले-मिटलेले नसतील, अवतरणचिन्हे अर्धवट असतील, तर पार्सरने ती चूक कळवावी आणि नेहमीचे काम पुढे रेटू नये. हा नियम विचार करून घातला गेला. तोवर ब्राउझर मोडक्या एचटीएमएलचा आपापल्या परीने अंदाज बांधत होते आणि एकच पान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी दिसत होते. अंदाजाचा हा खेळ नव्या भाषेत शिरू द्यायचा नव्हता.

ब्राउझरात परिच्छेदाचा टॅग मिटला नाही तर फार तर मजकूर वेडावाकडा दिसतो. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या फाइलींत असतात पोर्ट, डेटाबेसचे पत्ते, आणि कोणत्या पानाला लॉगिन लागेल याचे नियम. वेब.एक्सएमएलमधल्या ‘सिक्युरिटी कन्स्ट्रेंट’चा टॅग अर्धवट राहिला आणि पार्सरने ‘लिहिणाऱ्याला बहुधा असे म्हणायचे असेल’ असा उदार अंदाज केला, तर त्या औदार्यापायी व्यवस्थापकाचे पान साऱ्या जगाला उघडे पडू शकते. असा समजूतदार पार्सर कोणाला हवा आहे? बँकेला? इस्पितळाला? की सर्व्हर सकाळी उठला एवढ्यावर समाधान मानून रात्री लॉग न बघणाऱ्याला?

कजागपणाचा आणखी एक फायदा टीकाकारांच्या लक्षात येत नाही, कारण तो गुपचूप मिळतो. फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवताना जोडणी तुटली, किंवा डिस्क भरली, आणि शेवटच्या चाळीस ओळी गेल्या. एक्सएमएलमध्ये ही गोष्ट लपून राहूच शकत नाही, कारण सर्वांत बाहेरचा टॅग मिटलेला नसतो आणि पार्सर तिथेच थांबतो. ज्या मांडणीत शेवटाची खूणच नाही, तिथे अर्धी फाइल पूर्ण फाइलसारखीच दिसते. निम्मी सेटिंग गायब असलेला सर्व्हर हसतमुखाने उठणे हे सौजन्य मानायचे की अपघात?

दुसरा आरोप मेसेज कळत नसल्याचा. हा आरोप करणाऱ्यांपैकी किती जणांनी मेसेज शेवटपर्यंत वाचलेला असतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून मेसेजकडेच पाहू.

वारंवार भेटणारी एक चूक डेटाबेसच्या पत्त्यात असते. मायएसक्यूएलच्या जेडीबीसी पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर एकाहून अधिक पॅरामीटर येतात आणि त्यांच्यामध्ये अँपरसँड, म्हणजे & हे चिन्ह असते. ब्राउझरच्या पत्त्यात ते सर्रास चालते, म्हणून तेच जसेच्या तसे कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये उतरवले जाते. एक्सएमएलमध्ये मात्र & म्हणजे एंटिटीची सुरुवात. पुढचा पॅरामीटर ‘कॅरेक्टर एन्कोडिंग’ असेल तर पार्सर म्हणतो: ‘कॅरेक्टर एन्कोडिंग’ या एंटिटीचा उल्लेख अर्धविरामाने संपला पाहिजे. आपण एंटिटी नावाचे काही लिहिलेच नाही, असे वाटून वाचणारा वैतागतो. पण त्या एका वाक्यात काय काय आहे ते पाहावे: ओळीचा आकडा, स्तंभाचा आकडा, चुकलेल्या शब्दाचे नाव, आणि पार्सरची नेमकी अपेक्षा. अँपरसँडच्या जागी अँपरसँड, ‘एएमपी’ ही तीन अक्षरे आणि अर्धविराम लिहिला की काम झाले. यापेक्षा जास्त मदत म्हणजे पार्सरने स्वतः येऊन टाइप करून देणे.

‘कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग’ हा दुसरा बदनाम मेसेज. त्याचा अर्थ इतकाच की मूळ टॅगच्या आधी काहीतरी मजकूर आलेला आहे: चुकून उमटलेले एखादे अक्षर, किंवा कुठून तरी चिकटवताना सोबत आलेले न दिसणारे चिन्ह. एक्सएमएलची घोषणा करणाऱ्या पहिल्या ओळीच्या आधी नुसती मोकळी ओळ असेल तर हा मेसेज येत नाही. ‘एक्सएमएल’ हे प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनचे नाव म्हणून चालणार नाही, अशी वेगळी तक्रार येते. फाइल पार रिकामी असेल तर ‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ फाइल’. तीन दुखण्यांना तीन वेगळी नावे आहेत. ज्याला ही तिन्ही नुसती ‘एक्सएमएल एरर’ वाटतात, त्याने वैद्याला बोल लावू नये.

एन्कोडिंगचीही हीच कथा. फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ असे जाहीर केलेले असते आणि सेव्ह करणारा एडिटर ती विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये ठेवून देतो. मग ‘इनव्हॅलिड बाइट १ ऑफ १-बाइट यूटीएफ-८ सिक्वेन्स’ असा मेसेज येतो. मराठी लिहिणाऱ्यांना हा सापळा जवळचा आहे. युनिकोडमधले देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचे असते. पण जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली ‘मराठी’ टिप्पणी प्रत्यक्षात बऱ्याचदा रोमन वर्णमालेबाहेरच्या चिन्हांची रांग असते आणि ती जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली की यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाही. टिप्पणीच तर आहे, पार्सर तिकडे कशाला बघतोय, हा समज इथे महागात पडतो. टिप्पणी कुठे संपते हे शोधण्यासाठी पार्सरला तिच्यातला प्रत्येक बाइट वाचावाच लागतो.

टिप्पणीचे आणखी एक दुखणे आहे. टॉमकॅट सर्व्हरच्या सर्व्हर.एक्सएमएलमधला एखादा कनेक्टर तात्पुरता बंद करायचा म्हणून त्याच्याभोवती टिप्पणीची चिन्हे घातली जातात; त्या तुकड्यात आधीच एक टिप्पणी असते. एक्सएमएलमध्ये टिप्पणीच्या पोटात टिप्पणी चालत नाही आणि तिच्यात सलग दोन आडव्या रेघाही चालत नाहीत. पार्सर हे शब्दशः सांगतो: टिप्पणीत -- या चिन्हांना परवानगी नाही. तसेच वर्डच्या फाइलमधून किंवा मोबाइलवरच्या संदेशातून उचललेल्या ओळीत सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हे येतात, आणि पार्सर म्हणतो की ‘कनेक्टर’ या एलिमेंटच्या ‘पोर्ट’ या ॲट्रिब्यूटला सुरुवातीचे अवतरणचिन्ह हवे. एलिमेंटचे नाव दिले, ॲट्रिब्यूटचे नाव दिले, काय हवे तेही सांगितले. यात न कळण्यासारखे उरले काय?

उरतो तो ओळीचा मुद्दा: ‘दाखवलेल्या ओळीत चूक नसतेच.’ बरोबर आहे, आणि ती तिथे असेल असे पार्सरने कधी म्हटलेलेही नसते. तो सांगतो ती जागा चूक त्याच्या लक्षात आली तिची. सर्व्हर.एक्सएमएलच्या शेवटी होस्ट, इंजिन, सर्व्हिस आणि सर्व्हर हे चार टॅग एकाखाली एक मिटतात. त्यांतला होस्टचा मिटणारा टॅग खोडला गेला, तर पार्सरला ते कळते इंजिनचा मिटणारा टॅग समोर आल्यावर, कारण त्या क्षणी होस्ट अजून उघडाच असतो. म्हणून ओळ इंजिनची आणि नाव होस्टचे. मेसेजमधला आकडा ही शोधाची खालची हद्द असते. नजर तिथून वर न्यायची आणि मेसेजने ज्याचे नाव घेतले तो टॅग कुठे उघडला ते पाहायचे. आकडा वाचून नाव सोडून देणाऱ्याने आकडा खोटा ठरवावा, हा न्याय अजब आहे.

सुघटितपणाच्या वरची पायरी वैधतेची: टॅग नीट मिटले आहेत, पण ते इथे, या क्रमाने चालतात का? सर्व्हलेट २.३ च्या काळात वेब.एक्सएमएलचे व्याकरण डीटीडीने ठरत होते आणि त्यात क्रम पक्का होता. फिल्टर आधी, मग त्यांचे मॅपिंग, मग लिसनर, मग सर्व्हलेट, मग सर्व्हलेटचे मॅपिंग. सर्व्हलेटनंतर लिसनर लिहिला की ‘वेब-ॲप’चा आशय अमुक साच्याशी जुळला पाहिजे, असा अर्धा पडदा व्यापणारा मेसेज येई. त्याच्या लांबीची आजवर खूप थट्टा झाली. पण तो लांबलचक कंस म्हणजे अख्खे व्याकरणच होते: स्वल्पविराम म्हणजे क्रम, प्रश्नचिन्ह म्हणजे फार तर एकदा, तारा म्हणजे कितीही वेळा. परीक्षेत उत्तरपत्रिकेसोबत उत्तरेही छापून द्यावीत आणि विद्यार्थ्याने कागद फार मोठा आहे अशी तक्रार करावी, तसे हे झाले. सर्व्हलेट २.४ मध्ये स्कीमा आला आणि क्रमाची सक्ती गेली. तरीही आज कुठे कुठे हा मेसेज दिसतो, कारण कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फाइलचा डॉकटाइप जसाच्या तसा उचललेला असतो.

पुढच्या काळात नेमस्पेस बदलत गेले. जे२ईई १.४ आणि जावा ईई ५ चे पत्ते सन कंपनीच्या डोमेनवरचे, जावा ईई ७ चा जेसीपीच्या डोमेनवरचा, आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून जकार्ताच्या डोमेनवरचा. नेमस्पेस हे नाव आहे, तिथे जाऊन काही आणायचे नसते. पण ते दिसते वेबपत्त्यासारखे. त्याच फाइलीत डीटीडीचा किंवा स्कीमाचा पत्ताही असतो, आणि सर्व्हरमध्ये त्याची स्थानिक प्रत नसेल तर पार्सर खरोखर ती आणायला नेटवर्कवर निघतो. हा गोंधळ किती खोल गेला होता, ते वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये सांगितले: त्यांच्या सर्व्हरवर डीटीडीसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येत होत्या. इथे भाषेच्या रचनेलाही थोडा दोष द्यावा लागेल. नावाला पत्त्याचा वेश चढवला की लोक दार ठोठावणारच. पण तोच मजकूर पुन्हा पुन्हा आणणाऱ्या, प्रत जवळ न ठेवणाऱ्या प्रणाली कोणी लिहिल्या? एक्सएमएलने नव्हे.

आणि मेसेज सुधारू शकतच नाहीत, हे तरी कुठे खरे आहे? वाइल्डफ्लाय सर्व्हरच्या स्टँडअलोन.एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूटचे नाव चुकवून पाहावे. सर्व्हर ती ओळ तिच्या आकड्यासह छापतो, चुकलेल्या शब्दाखाली खुणा करतो, त्या जागी चालणाऱ्या ॲट्रिब्यूटची यादी देतो आणि तुम्हाला हे म्हणायचे होते का, असेही विचारतो. हे शक्य होते ते फाइलला स्कीमा आहे म्हणून, म्हणजे ज्या काटेकोरपणाच्या नावाने बोटे मोडली जातात त्याच काटेकोरपणामुळे.

खरी डोकेदुखी तिसऱ्या पायरीवर सुरू होते, आणि गंमत अशी की तिथे एक्सएमएल मुळीच अडवत नाही. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलला अधिकृत डीटीडी वा स्कीमा नाही. कोणते ॲट्रिब्यूट चालेल हे त्यामागचा जावा क्लास ठरवतो. कनेक्टरवर ‘मॅक्स थ्रेड्स’ ५०० करायचे होते आणि शेवटचा ‘एस’ राहिला. फाइल सुघटित आहे. सर्व्हर उठतो. लॉगमध्ये एक इशारा येतो: या एलिमेंटवर अमुक प्रॉपर्टी बसवता आली नाही. तो इशारा शेकडो ओळींत वाहून जातो आणि सर्व्हर मूळच्या २०० थ्रेडवर चालत राहतो. महिन्याअखेरीस गर्दी वाढली की पाने रखडतात, हार्डवेअर वाढवण्याचे प्रस्ताव तयार होतात, डेटाबेसवाल्यांवर संशय घेतला जातो. एका कंसासाठी अडवणाऱ्या पार्सरने पाच मिनिटे खाल्ली होती. न अडवणाऱ्या या चुकीने महिना खाल्ला. मग काटेकोरपणा जास्त झाला म्हणायचे की कमी पडला?

सर्व्हलेटच्या यूआरएल पॅटर्नआधीची तिरकी रेघ विसरली तर टॉमकॅट पॅटर्न अवैध असल्याचे नावासह सांगतो आणि ॲप्लिकेशन उठवत नाही. ही चूक व्याकरणाची नाही, अर्थाची आहे, आणि कोणत्याही भाषेत लिहिली तरी तशीच राहिली असती. लिसनर कोसळतो तेव्हा तर मेसेज स्वतःच पुढचा पत्ता देतो: एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, सविस्तर तपशील संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये मिळेल. तो तपशील कॅटालिना.आउटमध्ये नसून लॉग्जच्याच फोल्डरमध्ये ‘लोकलहोस्ट’ने सुरू होणाऱ्या, त्या दिवसाच्या तारखेच्या फाइलमध्ये असतो. ती न उघडता ‘लॉगमध्ये काहीच येत नाही’ असे सांगत फिरणारे थोडे नाहीत. शेजारची फाइल उघडण्याचे कष्टही भाषेनेच घ्यायचे का?

आता लोकप्रिय उपायांकडे. पहिला रीस्टार्ट. तेच बाइट, तोच पार्सर, तेच नियम: उत्तर तेच येणार. फाइलला हात न लावता दुसऱ्या खेपेला सर्व्हर उठलाच, तर त्याचा अर्थ इतकाच की अडचण फाइलीत नव्हती. बहुधा आधीची प्रोसेस मेली नव्हती आणि ८०८० किंवा ८००५ हे पोर्ट अडवून बसली होती. म्हणजे ज्या एकमेव प्रसंगी रीस्टार्ट लागू पडतो, त्या प्रसंगी एक्सएमएल निर्दोष असते. वाइल्डफ्लायमध्ये तर घाईचा रीस्टार्ट उलटतो. सर्व्हर चालू असताना स्टँडअलोन.एक्सएमएल हाताने बदलली आणि त्याच वेळी कोणी कन्सोलमधून एखादे सेटिंग बदलले, की सर्व्हर आपल्या मेमरीतले कॉन्फिगरेशन फाइलवर लिहून टाकतो. हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते आणि मग ‘एवढे बदलले तरी तोच एरर’ म्हणून पुन्हा एक्सएमएलच्याच नावाने खडे फोडले जातात.

दुसरा उपाय चालती फाइल आणून चिकटवण्याचा. फाइल चालती असते ती एका आवृत्तीवर. टॉमकॅट ७ ची सर्व्हर.एक्सएमएल टॉमकॅट ८ मध्ये ठेवली की ‘जॅस्पर लिसनर’ हा क्लास सापडत नाही, कारण तो ८ मध्ये काढून टाकलेला आहे. मजकूर निर्दोष, टॅग नीटनेटके, आणि तरी सर्व्हर उठत नाही. त्याहून बोलके उदाहरण एजेपी कनेक्टरचे. २०२० च्या फेब्रुवारीत ‘घोस्टकॅट’ नावाची सुरक्षेतली फट उघड झाली. टॉमकॅट ९.०.३१ पासून ८००९ पोर्टवरचा हा कनेक्टर मूळ फाइलीत बंद ठेवला गेला आणि तो सुरू करणाऱ्याने गुप्त शब्द दिलाच पाहिजे, अशी अट आली. जुनी फाइल आणणाऱ्याला सर्व्हर स्वच्छ सांगतो: गुप्त शब्द आवश्यक आहे, पण तो दिलेला नाही. यावर चिकटवणाऱ्यांचा पुढचा उपाय कोणता? आणखी एक ओळ शोधून चिकटवणे, ज्यात गुप्त शब्दाची अटच ‘फॉल्स’ केलेली असते. कुलूप कुरकुरते म्हणून कुलूपच काढून टाकले, आणि ‘इश्यू’ सुटला म्हणून नोंद झाली.

तिसरा उपाय भाषांतराचा: एक्सएमएल सोडा, वायएमएल धरा. वायएमएलमध्ये कोनी कंस नाहीत, हे मान्य. त्यांच्या जागी मोकळी जागा आहे, आणि मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. इंडेंटेशनसाठी टॅब चालत नाही. दोन जागा कमी पडल्या की सेटिंग दुसऱ्याच घरात जाऊन बसते, आणि तरीही फाइल वैध असते. वायएमएल १.१ च्या नियमांत अवतरणचिन्हांविना लिहिलेला ‘नो’ म्हणजे ‘फॉल्स’, त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचे दोन अक्षरी चिन्ह खोटे ठरते. स्प्रिंग बूटच्या ॲप्लिकेशन.वायएमएलमध्ये ‘सर्व्हर’च्या रोमन स्पेलिंगमधला पहिला ‘आर’ गाळून त्याखाली पोर्ट ९०९० लिहून पाहावे. कोणी अडवत नाही, कोणी इशारा देत नाही. ॲप्लिकेशन निवांत ८०८० वर उठते. याला सोपेपणा म्हणतात. चूक तीच, फक्त ती सांगणारा गप्प बसवलेला.

ॲनोटेशनचेही तसेच. सर्व्हलेट ३.० ने २००९ मध्ये ती आणली आणि वेब.एक्सएमएलमधला बराच भार हलका केला. पण डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, प्रमाणपत्राची जागा या गोष्टी मशीनगणिक बदलतात. त्या कोडमध्ये कोरून प्रत्येक बदलासाठी नवा बिल्ड काढायचा का? शिवाय जुन्या वेब.एक्सएमएलमध्ये ‘मेटाडेटा-कम्प्लीट’ हे ॲट्रिब्यूट ‘ट्रू’ राहिलेले असेल, तर सर्व्हर सर्व्हलेटवरची ॲनोटेशने वाचतच नाही. कोड बरोबर, कंपायलर खूश, आणि पानावर ४०४. ज्या फाइलपासून पळायचे होते तीच फाइल शेवटी उघडावी लागते, फक्त या वेळी मदतीला एकही एरर मेसेज नसतो.

तेव्हा करायचे काय, हेही अवघड नाही. लॉगमधला पहिला एरर आधी वाचायचा. नंतरचे बहुतेक त्याचीच पिलावळ असतात. त्या एररच्या स्टॅक ट्रेसमध्ये मात्र उलट जायचे: सर्वांत खालचा ‘कॉज्ड बाय’ हे मूळ. मग फाइल नक्की कोणती ते पाहायचे, कारण टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये, कॅटालिनाखालच्या लोकलहोस्टमध्ये, ॲप्लिकेशनच्या नावाची फाइल असेल तर वॉरमधल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलकडे दुर्लक्ष होते, आणि माणसे दुपारभर दुसरीच फाइल दुरुस्त करत बसतात. मजकूर सुघटित आहे का, हे एक्सएमएललिंट क्षणात सांगते, सर्व्हर.एक्सएमएलची प्राथमिक तपासणी करणारी ‘कॉन्फिगटेस्ट’ ही आज्ञा टॉमकॅटसोबतच येते. त्यानंतर स्कीमा आणि नेमस्पेस, त्यानंतर लॉगमधले इशारे, एकूण एक. आणि शेवटी, काल चालत असलेल्या फाइलशी आजच्या फाइलची तुलना. वाइल्डफ्लाय तर जुन्या प्रती ‘स्टँडअलोन एक्सएमएल हिस्टरी’ या फोल्डरमध्ये आपणहून ठेवतो. ज्यांच्याकडे कालची प्रत नाही, त्यांची अडचण फाइल कोणत्या भाषेत लिहिली ही नाहीच.

एक्सएमएल शब्दबंबाळ आहे, एवढे कबूल करून हा खटला बंद करता येतो. बाकी प्रत्येक आरोप फिर्यादीवरच उलटतो. ती अडवते, कारण अर्धवट सूचनांवर सर्व्हर चालवणे धोक्याचे आहे. ती ओळ, स्तंभ आणि नाव सांगते, आणि फिर्यादी त्यातले एकच वाचतो. ती जिथे गप्प बसते तिथेच खरे नुकसान होते, आणि सुचवलेला प्रत्येक पर्याय तिच्याहून जास्त गप्प बसणारा आहे. बिघाड शोधणे म्हणजे सांगणाऱ्याचे ऐकून घेणे. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने फाइल कोणत्याही भाषेत लिहावी. ओळ ४७, स्तंभ १२ हे त्याला कोणतीही भाषा ऐकवू शकणार नाही.